वाय-फाय अंगण का ओलांडत नाही?

कोकणात घर चिरेबंदी, राऊटर माजघरात आणि काम करायचं ते आवाराच्या टोकाला, साठेक मीटरवरच्या मांगरात, म्हणजे घरापासून सुट्या छोट्या इमारतीत. मुंबईचं ऑफिस गावातून चालवणारे आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढणारे, दोघांचीही तक्रार एकच असते. त्यावर सगळे हमखास एकच उपाय करतात: चार अँटेनांचा महागडा राऊटर. मग मांगरात रेंजच्या कांड्या भरलेल्या दिसतात, तरी व्हिडिओ कॉल काही लागत नाही.

कारण वाय-फाय दुतर्फा चालतं. मोठ्या राऊटरचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचं उत्तर राऊटरपर्यंत पोचत नाही. फोनची ताकद होती तेवढीच राहते, आणि कांड्या फक्त एका बाजूचं ऐकणं मोजतात.

अंतराला मात्र उगाच दोष दिला जातो. 2.4 गिगाहर्ट्झवर 100 मिलिवॉट ताकदीने निघालेला सिग्नल मोकळ्या हवेत साठ मीटरवर उणे 55 डीबीएमच्या आसपास पोचतो (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). म्हणजे एका वॉटचे जेमतेम तीन अब्जांश! पण व्हिडिओ कॉलला उणे 67 सुद्धा पुरतं, त्यामुळे हा आकडा उत्तमच म्हणायचा. घात करतात त्या भिंती. दर दहा डेसिबलला सिग्नल दहापट घटतो आणि दगडी जाड भिंत दहा-पंधरा डेसिबल सहज खाते. इथे भिंती दोन, एक घराची आणि एक मांगराची. भिंतीचा जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि पाणी या लहरी शोषतं. मांगराला पत्रे मारलेले असतील तर ते लहरी सरळ परतवतात.

मांगरात रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारं उपकरण, लावला तर तो आधीच मेलेला सिग्नल पुढे ढकलतो. शिवाय एकाच रेडिओने ऐकायचं आणि बोलायचं म्हटल्यावर वेग निम्मा होतो.

तेव्हा भिंतीशी भांडण्यापेक्षा तिला वळसा घालावा. चर खणता येत असेल तर केबलसारखं दुसरं काही नाही. तांब्याच्या लॅन केबलला 100 मीटरची मर्यादा आहे, ती इथे आड येत नाही. आड येते ती वीज. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तांब्याची तार तो थेट राऊटरमध्ये आणून सोडते. फायबर काचेचं, त्यातून विद्युतप्रवाह जातच नाही. म्हणून माझं मत फायबरलाच. पाइपात घालून पुरावं, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी) लावावा.

खणणं शक्य नसेल तर घराच्या आणि मांगराच्या बाहेरच्या भिंतींवर एकमेकांकडे तोंड करून दिशादर्शी अँटेनांची जोडी बसवावी. अशी अँटेना वीज जास्त खात नाही, आहे ती ताकद एकाच दिशेला वळवते. ऐकतेही त्याच दिशेने जास्त, म्हणून दोन्ही बाजूंना फायदा होतो. या जोड्या बहुधा 5 गिगाहर्ट्झवर चालतात. 2018 मध्ये भारतात या पट्ट्यातला बराच भाग परवानामुक्त झाला.

दोन अँटेना एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं असं मात्र नाही. लहरी दोरीसारख्या जात नाहीत, मधोमध फुगतात. साठ मीटरच्या मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या जवळजवळ 90 सेंटीमीटर भरते. आंब्याची फांदी त्यात आली की उन्हाळ्यात चाललेला जोड पावसात लंगडतो. त्याला पाऊस जबाबदार नाही, एवढ्याशा अंतरात थेंब काही बिघडवत नाहीत. ओल्या पानांचा घोस बिघडवतो. फांदी छाटावी नाहीतर अँटेना वर घ्यावी. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, घरात येत नाही.

मांगराच्या आत वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (आलेलं नेट आतल्या आत वाय-फायने वाटणारं उपकरण) हवाच. नाव आणि पासवर्ड घरचाच ठेवावा, चॅनल मात्र वेगळा: 2.4 गिगाहर्ट्झवर घरी 1 असेल तर इथे 6 किंवा 11. आणि घर इन्व्हर्टरवर असेल तर मांगरातली ही दोन उपकरणंही त्यावर घ्यावीत. वीज फारशी लागत नाही, पण लाइट गेल्यावर एक टोक जरी बंद पडलं तरी जोड तुटतो.