सब्र म्हणजे मुकाट सोसणं नव्हे

"अन्यायाविरुद्ध तोंड उघडलं की सब्र (धीर) तुटला, ईमान (श्रद्धा) कमी झालं", असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण इथे निपाणीकडे मजुरी थकलेल्या विडी वळणाऱ्या बायकांनाही तोच ऐकवला जातो, तेव्हा माझा जीव तुटतो.

आधी शब्द बघा. आपली 'सबुरी' 'सब्र' याच अरबी शब्दातून आली. मूळ अर्थ रोखून धरणं. काय रोखायचं? भीतीनं, रागानं, लालचेनं वाहवत जाणं. हक्काचं मागणं नव्हे.

आता कुराणाचं मराठी भाषांतर काढा आणि 12वी सूरह (अध्याय), यूसुफ, उघडा. मुलगा यूसुफ गमावल्यावर पैगंबर याकूब 'सुंदर सब्र' म्हणतात (आयत, म्हणजे वचन, 18). पण आयत 84 मध्ये दुःखानं त्यांचे डोळे पांढरे होतात, 86 मध्ये ते आपलं गाऱ्हाणं अल्लाहपुढे मांडतात आणि लगेच 87 मध्ये मुलांना सांगतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या दयेची आशा सोडू नका. शोक, गाऱ्हाणं, शोध, सगळं सब्रातच मावलं.

103वी सूरह अवघ्या 3 आयतींची. तिच्या शेवटी सत्य आणि सब्र जोडीनंच येतात. चौथ्या सूरहची आयत 148 तर थेटच आहे: वाईट गोष्ट उघड बोलणं अल्लाहला आवडत नाही, मात्र ज्याच्यावर जुलूम झाला त्याला मुभा आहे.

विड्यांचा हिशेब वहीत लिहून ठेवायचा, तो वाढवून सांगायचा नाही, शिवी न देता पुन्हा दारात जाऊन मागायचा. सब्र लागतो तो इथं.