संत्र्याचं कुठलं पान पिवळं पडलं?

पावसाळा सरत आला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बगीच्यांतून एकच तक्रार ऐकू येते, "झाडं पिवळी पडली." त्यापाठोपाठ प्रश्न येतो, "काय टाकू?" माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याआधी विचारायला हवं की पिवळं पडलेलं पान जुनं आहे की नवतीचं, म्हणजे नव्या फुटीचं. एवढ्या एका उत्तराने अर्धी शंका फिटते.

नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकतात. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्या शेंड्याला देतं. म्हणून यांची उणीव आधी खालच्या, आतल्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर अख्खं पान फिकट होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर कडा पिवळ्या पडतात आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. लोहाचं उलट आहे. एका पानात गेलेलं लोह तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे त्याची टंचाई थेट नवतीवर उमटते. पान पिवळं आणि शिरांची बारीक जाळी मात्र हिरवीगार. जस्त कमी असलं तर पानं लहान, अरुंद राहतात, शेंड्याला गुच्छासारखी येतात आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे पडतात. मँगनीजमध्ये पानाचा आकार बिघडत नाही, शिरांच्या कडेने रुंद हिरवी पट्टी राहते. आपल्याकडे लोह, जस्त आणि मँगनीजची ही तिन्ही दुखणी अनेकदा एकाच झाडावर असतात, म्हणून माहितीपत्रकातल्या फोटोशी पान तंतोतंत जुळेलच असं नाही.

आता लोहाचंच बघा. नागपूरची काळी माती बसाल्ट खडकापासून झाली आहे आणि बसाल्टमध्ये लोह मुबलक असतं. तरी झाड लोहासाठी उपाशी राहतं, कारण मातीत चुनखडी आहे आणि सामू (पीएच) आठच्या आसपास. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह सुमारे हजारपटीने घटतं. संत्र्याचं मूळ यावर स्वतःच उपाय करतं. ते आम्ल सोडतं आणि फेरिक लोहाचं फेरस, म्हणजे मुळाला घेता येणारं रूप, करून ते आत ओढतं. पण पाणी साचलं की मुळांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतच कोंडतो, चुनखडी विरघळून बायकार्बोनेट तयार होतं आणि मुळाने सोडलेलं आम्ल ते मारून टाकतं. त्यातच मुळांना हवा मिळत नाही. भारी जमिनीतला बगीचा नेमका झडीनंतर पिवळा पडतो तो यामुळे. अशा वेळी आणखी एक पोतं खत टाकून काय साधणार? आधी दोन ओळींमध्ये चर काढून पाणी बाहेर घालवायला हवं. शहरात गच्चीवरच्या कुंडीतलं लिंबू बोअरच्या जड पाण्यावर पिवळं पडतं, तिथेही दोष बहुधा या बायकार्बोनेटचाच असतो.

लोहाची शंका घरच्या घरी तपासता येते. युसेब ग्री या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात पिवळ्या पानांवर लोहक्षाराचं द्रावण लावलं आणि ती हिरवी झाली. तुम्हीही एका फांदीला सुतळी बांधा, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून तिच्या नवतीवर संध्याकाळी फवारा आणि एक-दोन आठवडे थांबा. जिथे थेंब बसला तिथे हिरवे ठिपके उठले तर लोहच कमी होतं.

हेच फेरस सल्फेट चुनखडीच्या जमिनीत टाकलं तर लवकरच निरुपयोगी होतं. चिलेटेड लोहातही, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या लोहातही, फरक आहे. ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या पुढे तग धरत नाही, आपल्या मातीत ईडीडीएचए लागतो. तो महाग आहे, पण ईडीटीए स्वस्त म्हणून जमिनीत ओतणं म्हणजे पैसे ओतणंच. विकत घेताना डब्यावर हे अक्षर न अक्षर वाचा, हे मी कळकळीने सांगतो. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम चुना अशी फवारणी नवतीची पानं दोन-तृतीयांश वाढल्यावर करावी. दरवर्षी सवयीने भरपूर डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत देणाऱ्यांनी हात आवरावा, कारण जास्तीचं स्फुरद (फॉस्फरस) जस्त आणि लोह दोन्हींचं शोषण घटवतं. कुजलेलं शेणखत मात्र द्यावंच. त्यातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून मुळापर्यंत पोचवतात. नवी लागवड करायची असेल आणि जमीन चुनखडीची असेल, तर जंबेरीच्या खुंटापेक्षा (ज्या रोपावर कलम बांधतात तो खुंट) रंगपूर लाइमच्या खुंटावरची कलमं घ्यावी.

पान हिरवं आणि मधली शीरच पिवळी दिसली, तर खताचा विचार सोडून खोडाशी बसा. माती बाजूला करा, साल फाटली आहे का, डिंक वाहतो का ते पाहा. डिंक्या आणि मूळकूज करणारी फायटोप्थोरा बुरशी तिथेच सापडते, आणि जंबेरीचा खुंट तिला सहज बळी पडतो.

सगळ्यांत जपायचं ते ग्रीनिंग रोगापासून. उणिवेचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये डाव्या अर्ध्याचे डाग उजव्याशी जुळत नाहीत. पान मधोमध दुमडून उजेडात धरा, लगेच कळतं. हा रोग जीवाणूमुळे होतो, तो जीवाणू सिट्रस सिला ही कीड पसरवते आणि त्यावर कुठलंही खत चालत नाही. शंका आली तर नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा. रोग पक्का ठरला तर ते झाड काढून टाकावं लागतं, आणि शेजारच्या झाडांच्या कोवळ्या नवतीवर सिला दिसते का हे प्रत्येक बहाराला पाहावं लागतं.