नांदायला येणं आणि दिवसांची मोजणी

परदेशी सून म्हटलं की सोलापुरातल्या जुन्या माणसांना आधी कोटणिसांची आठवण होते. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथे जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४१ च्या अखेरीस त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, त्यातलं ‘यिन’ भारताचं आणि ‘हुआ’ चीनचं. त्याच १९४२ च्या डिसेंबरात डॉक्टर गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. छिंगलानबाई पुढे भारतात अनेकदा आल्या, पण पाहुण्या म्हणून. सासरी नांदणं घडलंच नाही.

‘नांदणं’ हा शब्द इथे मुद्दाम वापरलाय. लग्नाच्या आधारावर परदेशी माणसाला देशात राहू देणारे जे कायदे झाले, त्यांच्या मुळाशी हेच चित्र आहे: एकानं दुसऱ्याच्या घरी यायचं, बॅग खाली ठेवायची आणि राहायचं. आता समजा, अक्कलकोट रोडवरच्या एखाद्या टॉवेल कारखानदाराच्या मुलानं युरोपातल्या यंत्रमाग कंपनीतल्या इंजिनिअर मुलीशी लग्न केलं. तिचं काम देशोदेशी माग बसवून देण्याचं. महिन्यातले आठ दिवस सोलापूर, बाकीचे आज तुर्कस्तान तर उद्या व्हिएतनाम. ती नांदते की नाही? सासूबाईंचं उत्तर काहीही असो, सरकार दिवस मोजतं. ही मोजणी कुठून आली, ते पाहण्यासारखं आहे.

इंग्रजांच्या काळात ती नव्हती. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाशी लग्न केलेली बाई आपोआप ब्रिटिश प्रजाजन ठरे. आणि त्यांच्यातल्या बाईनं परक्याशी लग्न केलं की ती परकी. बायको नवऱ्याच्या मागे, एवढंच गणित. स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात हे आपोआप होणं गेलं, नोंदणीसाठी अर्ज करणं आलं. पण ती सोय होती फक्त भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या ‘स्त्रियांना’. सोलापूरच्या मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं, तर त्या जावयाला लग्नाच्या नावावर काहीच मिळत नसे. घरजावई या शब्दाकडे आपला समाज ज्या नजरेनं पाहतो, जवळपास त्याच नजरेनं कायदाही पाहत होता.

१९८६ ची दुरुस्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ती’ हा शब्द आला, म्हणजे जावयांना दार उघडलं. पण त्याच कलमात, त्याच वाक्यात, पाच वर्षांच्या वास्तव्याची अट बसली. दुरुस्तीमागचं खरं कारण लग्नं नव्हतंच. बांगलादेश, श्रीलंका वगैरे ठिकाणांहून बेकायदा येणाऱ्या लोकांची ती चिंता होती. त्या जाळ्यात कामानिमित्त फिरणारे नवरा-बायकोही अडकले. २००३ च्या दुरुस्तीनं पाचाची सात वर्षं केली. हिशेब असा: अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने भारतात, आणि त्याही आधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षं भारतात. बारा महिन्यांत दोनदा व्हिएतनामला गेलं की सलगता तुटली. २०१५ मध्ये सरकारनं या बारा महिन्यांत खंड पडला तरी सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पण ती सूट सगळी मिळून तीस दिवसांची. आमच्या त्या इंजिनिअर सुनेचं काम तीस दिवसांत भागणारं नव्हे. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणजे मूळ पासपोर्टही सोडायचा. जिची रोजीरोटीच सीमा ओलांडण्यावर आहे, तिला हा सौदा परवडणं कठीण.

गंमत म्हणजे अमेरिकेतही दिवस मोजण्याची धास्ती १९८६ मध्येच वाढली. खोट्या लग्नांना आळा घालायच्या कायद्यानं, लग्न दोन वर्षांहून नवं असेल तर जोडीदाराला आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, असा नियम केला. नागरिकत्व हवं तर तीन वर्षांपैकी दीड वर्ष प्रत्यक्ष तिथल्या भूमीवर काढावं लागतं. एक पळवाट मात्र फार जुनी आहे: अमेरिकन नागरिक असलेला जोडीदार सरकारच्या किंवा अमेरिकन कंपनीच्या कामावर परदेशात नेमलेला असेल, तर त्याच्या सोबतच्या परदेशी जोडीदाराला वास्तव्याची मुदत माफ. नीट बघा, फिरतीचं काम नागरिकाचं असेल तर सवलत. फिरतीचं काम परदेशी जोडीदाराचं असेल तर नाही. तिला फार तर दोन वर्षांचा पुनर्प्रवेश परवाना मिळतो. इथेही चित्र तेच, बायको नवऱ्याच्या मागे.

भारतातली वाट निघाली ती नागरिकत्वाला वळसा घालून. भारतीयाच्या परदेशी जोडीदारासाठी ‘एंट्री’ व्हिसा आहे, लोक त्याला ‘एक्स व्हिसा’ म्हणतात. दुसऱ्या व्हिसावर येऊन इथे लग्न केलं तरी तो बदलून घेता येतो. १८० दिवसांहून जास्त सलग राहायचं तर नोंदणी, आणि इथल्या कंपनीत नोकरी करायची तर वेगळी परवानगी. पूर्वी त्यासाठी पोलिसांच्या कचेरीत फायली घेऊन बसावं लागे. २०१८ पासून बरंचसं काम ऑनलाइन होतं. टूरिस्ट व्हिसावर ये-जा करून भागवणाऱ्या जोडप्यांचे हाल झाले ते २००९ च्या अखेरीस, मुंबई हल्ल्याच्या तपासात, हल्ल्याआधी इथे येऊन टेहळणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीचं प्रकरण पुढे आल्यावर. दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं झालं. बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी ते २०१२ च्या डिसेंबरात उठलं.

दिवसांची मोजणी खरी सुटली ती कार्डामुळे. १९९९ च्या पीआयओ कार्ड योजनेत, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी लोकांसाठीच्या कार्डात, भारतीयांच्या परदेशी जोडीदारांचाही समावेश होता, फक्त तेव्हाची फी हजार डॉलर होती. २००२ मध्ये ती बरीच उतरली. २००५ मध्ये आलेल्या ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डामध्ये सुरुवातीला अशा जोडीदारांना जागा नव्हती. २०१५ मध्ये दोन्ही योजना एक झाल्या आणि परदेशी जोडीदारही ओसीआयला पात्र ठरले. आजन्म व्हिसा, कितीही वेळा ये-जा, नोंदणी नाही, वर्षातून किती दिवस राहिलात हा प्रश्नच नाही. शेतजमीन घेता येत नाही, मतदान करता येत नाही, असे काही निर्बंध सोडले तर फिरतीच्या माणसाला याहून सोयीचं काही भारतात नाही.

पण इथे मोजणी माणसाची थांबली आणि लग्नाची सुरू झाली. लग्न नोंदवलेलं हवं, अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं, सुरक्षा तपासणी वेगळी, आणि पाकिस्तान-बांगलादेशचं नागरिकत्व कधीही असलेल्यांना बंदी. घटस्फोट झाला की कार्ड रद्द होऊ शकतं. २०२१ पासून नवा पासपोर्ट निघेल तेव्हा लग्न अजून टिकून असल्याचं प्रतिज्ञापत्र अपलोड करावं लागतं. सारखी शिक्के मारून पानं संपवणाऱ्या बाईला ते इतरांपेक्षा जास्त वेळा लिहून द्यावं लागणार. २०२५ मध्ये १९४६ चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन कायदा १ सप्टेंबरपासून लागू झाला. नागरिकत्वासाठीची सात वर्षांची मोजणी वेगळ्या कायद्यात असल्यामुळे ती जागेवरच आहे.

राहता राहिली नोंदणी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीआधी दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि मग आणखी तीस दिवस थांबायचं. त्या ‘एकाची’ जागा सोलापूरच्या मुलानं भरून काढली तर तिला व्हिएतनामची खेप रद्द करावी लागत नाही. मंगल कार्यालयातले वऱ्हाडाचे फोटो कितीही असोत, ओसीआयच्या अर्जाला तो नोंदणीचा दाखलाच लागतो.