शिसे-विषबाधा, व्यावसायिक

शिसे-विषबाधा, व्यावसायिक : शिसे वितळवणे, ओतणे, घासणे किंवा त्याच्या संयुगांची पूड हाताळणे, अशा कामांत श्वासावाटे व हातातोंडावाटे शरीरात गेलेल्या शिशामुळे कामगारांना जडणारा विकार. धंद्यातून होणाऱ्या रोगांत याची नोंद फार जुनी आहे. मात्र पहिला उल्लेख कोणता मानावा, याबाबत एकमत नाही.

बऱ्याच पुस्तकांत हा मान प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्राटीझला दिलेला आढळतो. त्याच्या नावावरील ग्रंथसंग्रहात खाणीतून आलेल्या एका माणसाचे टिपण आहे : पोट ताठरलेले, वर्ण उडालेला. पण त्यात शिशाचे नावच नाही. ते वाचणाऱ्यांनी मागाहून घातले असावे. ग्रीक कवी निकँडर (इ. स. पू. सुमारे दुसरे शतक) याने सफेत्याच्या (शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाच्या) विषाची लक्षणे स्पष्ट दिली आहेत, परंतु ते पोटात घेतलेले विष होय. शिशाचे ओतकाम करणारे फिकट पडतात, हे रोमन वास्तुशिल्पी व्हिट्रूव्हियसचे (इ. स. पू. पहिले शतक) निरीक्षण मात्र थेट कामगारांविषयीचे आहे. त्यामुळे आरंभ तेथून धरणे अधिक सुरक्षित वाटते.

रोमन लेखक प्लिनीच्या (मृत्यू इ. स. ७९) एका वाक्याने पुष्कळ घोटाळा केला आहे. ‘मिनियम’ची पूड करणारे कारागीर ती नाकातोंडात जाऊ नये म्हणून चेहऱ्यावर प्राण्यांच्या मूत्राशयाची सैल पिशवी बांधतात, असे तो सांगतो. पुढे ‘मिनियम’ हा शब्द शेंदरासाठी, म्हणजे शिशाच्या तांबड्या ऑक्साइडासाठी रूढ झाला आणि ही पिशवी शिशाच्या इतिहासात जमा झाली. प्लिनीचे मिनियम मुख्यतः स्पेनमधील खाणींतून येई आणि ते हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड होते. तेव्हा तो दाखला पाऱ्याच्या बाधेचा ठरतो. नावांची अशी सरमिसळ आपल्याकडेही आहे : मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर शिशाचा, तर रसशास्त्रातील ‘रससिंदूर’ पाऱ्याचा. रसग्रंथांत अशुद्ध नागाचे (शिशाचे) दोष सांगितले आहेत, पण ते सेवनाने होणारे.

इटालियन वैद्य रामाझ्झीनी याने १७०० मध्ये कुंभारांविषयी लिहिताना शिशाची झिलई वाटणाऱ्यांचे हात आधी कापू लागतात व मग लुळे पडतात, असे नोंदवले. फ्रान्समध्ये तांकरेल दे प्लांश याने १८३९ मध्ये हजारावर रुग्णांच्या आधारे रोगाचे रूप निश्चित केले. ब्रिटनमध्ये १८९५ पासून हा रोग सरकारला कळवणे सक्तीचे झाले. तेथील पहिले वैद्यकीय कारखाना-निरीक्षक टॉमस लेग यांचे मत असे, की उद्योगातील जवळजवळ सर्व शिसेबाधा धूळ व धूर श्वासात गेल्याने होते. ते थांबवा, बाधा थांबेल. रंगकामातील सफेत्यावर निर्बंध घालणारा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटनने मान्य न केल्याने त्यांनी १९२६ मध्ये पद सोडले.

शिसे सुमारे ३२७° से. ला वितळते, पण धुराचा धोका खरा वाढतो तो साधारण ५००° च्या पुढे. रक्तातील बहुतेक शिसे तांबड्या पेशींत असते. तेथे ते हीमोग्लोबिन बनवणाऱ्या एंझाइमांना अडवते, म्हणून पांडुरोग (रक्तक्षय) होतो. संपर्क थांबला की रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्मे होते. हाडांतले दशकानुदशके राहते, त्यामुळे काम सोडल्यावरही ते रक्तात उतरत राहते. बद्धकोष्ठासह पोटशूळ, सांधेदुखी, चिडचिड, मूत्रपिंडाचे विकार व वाढलेला रक्तदाब ही इतर लक्षणे. हात पुढे धरायला सांगितले की मनगट उचलत नाही, पंजा खाली लोंबतो. हे आता क्वचित दिसते. हिरड्यांच्या कडेची निळसर-काळी रेघ (बर्टन याने १८४० मध्ये नोंदवलेली) दात स्वच्छ असतील तर उमटतही नाही. निदान रक्ततपासणीनेच करावे.

महाराष्ट्रात खिळाछपाईच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांनी छापण्याच्या) काळात अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापेक्षा खिळे ओतणाऱ्याला धोका जास्त होता. थंड खिळा बोटांतून फारसा शिरत नाही. केसमधली (खिळे ठेवण्याच्या खणांतली) धूळ फुंकणे आणि त्याच हाताने विडी ओढणे घातक. आज मुख्य धोका बॅटरीउद्योगात आहे : शिशाच्या ऑक्साइडाचा लगदा जाळीवर थापणे, वाळलेल्या प्लेटा घासणे, जुन्या बॅटऱ्या फोडून भट्टीत घालणे. कोरडा झाडू मारला की बसलेली पूड पुन्हा हवेत उठते, म्हणून ओल्या फडक्याने पुसतात किंवा निर्वात यंत्राने ओढून घेतात. कामाचे कपडे घरी धुतल्यास पूड मुलांपर्यंत पोचते.

अमेरिकेच्या १९७८ च्या नियमांत रक्तातील शिसे डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम झाल्यास कामगाराला त्या कामावरून हलवावे लागते. आजच्या माहितीनुसार ही मर्यादा फारच सैल आहे. शिसे बांधून लघवीवाटे काढणारी औषधे (ईडीटीए, सक्सिमर) आहेत. ती देत त्याच भट्टीवर काम चालू ठेवणे निषिद्ध मानतात.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांच्या यादीत, पहिलेच नाव शिसेबाधेचे होते. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचे असे (कलम ८९). मूळ अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच ती ‘कारखाना’ ठरत असे. त्यामुळे दोघा-तिघांची बॅटरी फोडण्याची शेड, राज्य शासनाने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, त्यात बसत नसे.