मेन स्विचसमोरची तीन फूट जागा आली कुठून

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यातला स्विचबोर्ड म्हणजे दगडी फळी आणि तिच्यावर तांब्याची उघडी पाती. पाय घसरला किंवा मागून धक्का लागला, की अंग थेट लाइव्ह, म्हणजे वीज चालू असलेल्या, तांब्यावर. ब्रिटनने 1908 मध्ये कारखान्यांसाठी विजेचे नियम केले, तेव्हा 17व्या नियमात बोर्डासमोरच्या वाटेचे मापच घालून दिले. कमी आणि मध्यम दाबासाठी (व्होल्टेजसाठी) उघड्या तांब्यापासून 3 फूट रुंदी आणि 7 फूट उंची; उच्च दाबाच्या मुख्य बोर्डासाठी साडेतीन फूट आणि 8 फूट.

भारतात 1956 च्या विद्युत नियमांतल्या 51व्या नियमात बोर्डासमोर किमान 1 मीटर जागा सांगितली होती. मागच्या बाजूला उघडी जोडणी असेल, तर तिथली जागा 20 सेंटीमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर 75 पेक्षा जास्त. वाचताना हे विचित्र वाटते, पण हिशेब माणसाच्या अंगाचा आहे. वीस सेंटीमीटरच्या फटीत कोणी शिरत नाही. पंचाहत्तरच्या पुढे माणूस वळू शकतो, मागे फिरू शकतो. घात होतो तो मधल्या मापात: तिथे आडवे होऊन शिरता येते, पण झटका बसला की सुटता येत नाही. जागा 75 च्या पुढे असली, तर दोन्ही टोकांकडून 1.8 मीटर उंचीपर्यंत मोकळी वाटही लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांतही ही मापे कायम राहिली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने यात आणखी एक प्रश्न घातला: काम करणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे? जमिनीच्या तुलनेत 151 ते 600 व्होल्टसाठी, मागे लाकडासारखी विद्युतरोधक भिंत असेल तर 3 फूट, अर्थ झालेला (विजेच्या दृष्टीने जमिनीशी जोडलेला) पृष्ठभाग असेल तर साडेतीन, आणि समोरासमोर दोन्हीकडे उघडे लाइव्ह भाग असतील तर 4 फूट. विटांची, काँक्रीटची आणि टाइल्सची भिंत इथे अर्थ झालेलीच धरतात. नेमके हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. रुंदी 30 इंच किंवा उपकरणाइतकी, जी जास्त असेल ती, आणि पेटीचे दार किमान 90 अंश उघडले पाहिजे. पेटी बंद असेल तर समोरच्या जागेचे माप तिच्या दर्शनी बाजूपासून मोजतात.

ही बंद पेटी आली आणि गैरसमज रुजला. तांबे दिसेनासे झाले, तशी समोरची जागा रिकामी वाटू लागली. तिथे पॅलेट, ड्रम, शिडी येऊन टेकली. पण डिस्कनेक्ट स्विच (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद केला तरी इन्कमिंग टर्मिनल, म्हणजे बाहेरून वीज येते ती टोके, लाइव्हच राहतात. स्विचने वीज खरोखर तोडली का, हे पाहायला दार उघडून मीटर लावावाच लागतो: आधी माहीत असलेल्या चालू सप्लायवर, मग इथल्या तिन्ही फेजवर (वीज आणणाऱ्या तीन तारांवर), मग पुन्हा चालू सप्लायवर. त्या वेळी कोपर मागे टेकत असेल तर प्रोब (मीटरची टोकदार सळई) घसरतो आणि दोन फेज जोडले जातात.

त्यानंतर काय होते, हे 1982 मध्ये विद्युत अभियंता राल्फ ली यांच्या शोधनिबंधाने ठळकपणे मांडले: विद्युत ठिणगीचा भडका न शिवताही जाळतो. म्हणून मागे हटायची जागा हवीच, बाहेर पडायची वाटही हवी. अमेरिकी संहितेत 1200 अँपिअर किंवा जास्त क्षमतेच्या, 6 फुटांहून रुंद बोर्डाला दोन्ही टोकांना वाट लागते. एकच वाट चालते, पण ती थेट आणि विनाअडथळा असेल किंवा समोरची जागा दुप्पट असेल तरच.

जुन्या कारखान्यांत या नियमांचे थर अजून दिसतात. ओशाच्या (अमेरिकेच्या कामगार सुरक्षा व आरोग्य प्रशासनाच्या) तक्त्यात 150 व्होल्टपर्यंत 16 एप्रिल 1981 पूर्वीच्या बांधणीला अडीच फूट चालतात. उंचीतही 13 ऑगस्ट 2007 पूर्वीच्या बांधणीला सव्वासहा फूट आणि नंतरच्या बांधणीला साडेसहा फूट असा फरक आहे. त्यामुळे टेप लावण्याआधी पॅनेल कोणत्या वर्षी बसवले ते नोंदवहीत पाहावे.