मल्टिमीटरमधला फ्यूज : काचेचा आणि वाळू भरलेला

मल्टिमीटरचा फ्यूज उडाला की मागचे झाकण उघडायचे, जुन्या फ्यूजवरचा ॲम्पिअरचा आकडा वाचायचा आणि त्याच आकड्याचा दुसरा फ्यूज बसवायचा, एवढी देखभाल पुरेशी आहे असे अनेकांना वाटते. आकडा जुळतो, मीटर पुन्हा प्रवाह मोजू लागतो आणि काही चुकले आहे हे कळायला मार्गच उरत नाही. काचेचा फ्यूज आणि वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज, ज्याला एचआरसी (हाय रप्चरिंग कपॅसिटी, म्हणजे मोठा प्रवाह तोडण्याची क्षमता असलेला) फ्यूज म्हणतात, यांच्यातला फरक रोजच्या वापरात दिसत नाही. तो दिसतो फ्यूज उडण्याच्या क्षणी, आणि त्या क्षणी मीटर बहुधा आपल्या हातात असतो.

ॲम्पिअरचा आकडा सांगतो तो एवढेच, की आतली तार साधारण किती प्रवाह सतत सोसू शकते. त्याहून मोठा प्रवाह आला तर तार वितळेल, पण ती वितळल्यावर तो प्रवाह खरोखर थांबेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे प्रवाह तोडण्याची क्षमता, या दुसऱ्या आकड्यात असते. तार वितळली की दोन टोकांमध्ये मोकळी जागा पडते, परंतु विजेचा दाब (व्होल्टेज) पुरेसा असेल तर त्या जागेत धातूच्या तप्त वाफेतून आर्क, म्हणजे ठिणगीसारखी पेटती राहणारी विजेची ज्योत, पेटतो आणि प्रवाह त्यातून वाहतच राहतो. काचेच्या नळीत या आर्कला अडवायला हवेशिवाय काहीच नसते. प्रवाह लहान असेल तर आर्क विझतो आणि मध्ये तुटलेली तार तेवढी दिसते. प्रवाह मोठा असेल तर नळी आतून काळी-चंदेरी होते, आणि फारच मोठा असेल तर आतला दाब वाढून काच फुटते.

एचआरसी फ्यूजमध्ये धातूच्या पट्टीभोवती क्वार्ट्झची बारीक वाळू ठासून भरलेली असते. आर्क पेटताच त्याची उष्णता वाळू शोषून घेते, दाणे वितळून एकमेकांना चिकटतात आणि आर्कची वाट काचेसारख्या, वीज न वाहणाऱ्या गोळ्याने बंद होते. उडालेला असा फ्यूज फोडून पाहिला तर पट्टीच्या जागी हा खडबडीत, घट्ट जमलेला तुकडा हाताला लागतो. मला तर फ्यूजचे सारे शास्त्र त्या एका तुकड्यात दिसते.

आता आकडे पाहू. लहान फ्यूजसाठीच्या आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कमी क्षमतेच्या ५ × २० मिलिमीटर फ्यूजने ३५ ॲम्पिअर किंवा त्याच्या नेमून दिलेल्या प्रवाहाच्या १० पट, यांपैकी जे अधिक असेल तेवढा प्रवाह तोडणे अपेक्षित असते. म्हणजे १० ॲम्पिअरच्या अशा फ्यूजसाठी १०० ॲम्पिअर. त्याच आकारात उच्च क्षमतेच्या फ्यूजसाठी हा आकडा १५०० ॲम्पिअर आहे. मोठ्या मीटरमध्ये वापरला जाणारा १० × ३८ मिलिमीटरचा, ११ ॲम्पिअर १००० व्होल्टचा फ्यूज २०,००० ॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो.

इतका मोठा प्रवाह हातातल्या मीटरमध्ये येईलच कसा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो येतो एका अगदी साध्या विसरभोळेपणातून. प्रवाह मोजून झाल्यावर लाल प्रोब (मोजणीची टोकदार तार) १० ॲम्पिअरच्या छिद्रातच राहते आणि तीच प्रोब घेऊन कोणी वीजपुरवठ्याचा दाब मोजायला जाते. त्या छिद्रापासून काळ्या प्रोबच्या ‘कॉमन’ छिद्रापर्यंत आत असतो तो ओहमच्या शंभराव्या भागाइतका लहान शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी रोध, म्हणजे दोन तारा थेट जोडल्यासारखेच झाले. वितरण पेटीजवळ अशा वेळी हजारो ॲम्पिअर वाहू शकतात आणि मध्ये उभा असतो फक्त तो फ्यूज.

व्होल्टचा आकडाही याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. २५० व्होल्टचा फ्यूज तीन फेजच्या ४०० व्होल्टच्या जोडणीवर आर्क विझवेल याची हमी नसते. सौर पॅनेलच्या मालिकेसारख्या डीसी जोडणीवर तर परिस्थिती आणखी कठीण असते, कारण तेथे प्रवाह एसीप्रमाणे क्षणभरही शून्यावर येत नाही. म्हणून फ्यूजवर डीसीचा व्होल्ट आकडा स्वतंत्रपणे पाहावा.

केवळ रंगावरून फ्यूज ओळखू नये, कारण पांढऱ्या सिरॅमिक नळ्यांची क्षमताही सारखी नसते. ५ × २० मिलिमीटरच्या फ्यूजच्या टोपीवर बारीक अक्षरे कोरलेली असतात. ‘एफ’ म्हणजे झटपट उडणारा, पुढे ॲम्पिअर, त्यानंतरचे ‘एल’ म्हणजे कमी आणि ‘एच’ म्हणजे उच्च क्षमता, शेवटी व्होल्ट. भिंगाखाली ती वाचावी आणि मीटरच्या पुस्तिकेतल्या ओळीशी एकेक अक्षर पडताळावे. जागेवर तार गुंडाळणे किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे मीटरमधून फ्यूज काढून टाकण्यासारखेच आहे. काही स्वस्त मीटरमध्ये १० ॲम्पिअरच्या छिद्राजवळ ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे फ्यूज नसलेले, असेच छापलेले असते. तो मीटर वीजपुरवठ्याच्या कामाला घेऊ नये. मूळचाच काचेचा फ्यूज असलेला मीटर मात्र बॅटरीवरच्या लहान सर्किटांसाठी खुशाल वापरावा.

झाकण उघडण्याआधी दोन्ही प्रोब मीटरमधून काढाव्यात. नवा फ्यूज बसवून झाकण लावल्यावर चकती ओहमवर ठेवावी, लाल प्रोब व्होल्ट-ओहमच्या छिद्रात घालावी आणि तिचे टोक १० ॲम्पिअरच्या छिद्रातल्या धातूला टेकवावे. बहुतेक मीटरमध्ये अर्ध्या ओहमहून कमी आकडा दिसतो. ‘ओएल’ (मोजता येण्यापलीकडचा आकडा) दिसले तर मार्ग तुटलेला आहे. आकडा हलत राहिला तर फ्यूज धरणाऱ्या क्लिपा ढिल्या झालेल्या असण्याची शक्यता आधी तपासावी.