दहावीनंतर सोलरचा ट्रेड घ्यायचाय? नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी आयटीआय प्रवेशाची माहिती

प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्यात घराच्या छतावरच्या 3 किलोवॅटच्या सोलरला 78,000 रुपये अनुदान मिळते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची छते आणि निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतले सौरपंप हे काम वेगळेच. हे सगळे बसवायला आणि बिघडले तर दुरुस्त करायला शिकलेली मुले लागतात. त्यासाठी दहावीनंतरचा सर्वांत स्वस्त आणि सरळ मार्ग म्हणजे आयटीआय.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या (डीव्हीईटी) प्रवेश पोर्टलवरून (admission.dvet.gov.in) होतो. सरकारी आणि खासगी आयटीआयसाठी अर्ज एकच. नाशिक शहरातली मोठी सरकारी आयटीआय त्र्यंबक रोडवर सातपूरला आहे. तालुक्यांतही संस्था आहेत, पण प्रत्येक ट्रेड प्रत्येक ठिकाणी नसतो. संस्थानिहाय ट्रेडची यादी पोर्टलवर असते. ती पाहूनच पुढे जा.

सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल) हा ट्रेड एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. दोन्हींसाठी विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास असावे लागते. वय किमान 14 वर्षे पूर्ण हवे. प्रवेश परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. सरकारी नियमाप्रमाणे 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, त्यामुळे मुलींनी हा ट्रेड बिनधास्त मागावा.

यापैकी कोणता घ्यावा? दोन वर्षे देता येत असतील तर इलेक्ट्रिशियन वर ठेवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सोलर म्हणजे छतावर चढून पॅनल कसणे एवढेच नव्हे. 540 वॅटचे सहा पॅनल एका ओळीत जोडले की उन्हात त्या तारेत 300 व्होल्टच्या आसपास डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब तयार होतो, आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही. एसीचा, म्हणजे घरातल्या नेहमीच्या विजेचा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीची ठिणगी पेटतच राहते. पॅनलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-फोर कनेक्टरचे क्रिम्पिंग (तार दाबून बसवणे) ढिले राहिले तर सांधा तापतो, प्लास्टिक वितळते आणि छतावर आग लागू शकते. अर्थिंग, केबलची जाडी, मीटरने मोजमाप हा पाया पक्का असलेला मुलगा सोलर लवकर शिकतो. शिवाय दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग खुला होतो. घरी लवकर कमाईची गरज असेल तर मात्र एक वर्षाचा सोलर ट्रेड घेण्यात काहीच कमीपणा नाही.

आता कागदपत्रे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास दाखला आणि मुलाच्या नावावर आधारशी जोडलेले बँक खाते. राखीव प्रवर्गासाठी जातीचा दाखला. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांना त्यासोबत मुदतीतले नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागते; एससी-एसटींना ते लागत नाही. ईडब्ल्यूएससाठी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) वेगळे प्रमाणपत्र.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथेच. नॉन क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपलेली असते आणि ते जूनमध्ये लक्षात येते. नवे काढायचे तर आधी तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, मग प्रांत कार्यालय. निकालानंतर सेतूत रांगा लागतात, म्हणून दहावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच दाखल्यांसाठी अर्ज टाका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून येणाऱ्यांना तर एकेका फेरीला मजुरीचा दिवस जातो. दुसरी अडचण नावाची: गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे. गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या.

पोर्टलवर नोंदणी करताना मोबाइल नंबर घरातलाच द्या, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी आणि पुढचे सगळे निरोप त्याच नंबरवर येतात. माहिती भरून शुल्क भरले म्हणजे अर्ज झाला असे नाही. मूळ कागदपत्रे घेऊन जवळच्या आयटीआयत जायचे, तिथे पडताळणी होऊन अर्ज निश्चित होतो. ही पायरी राहिली तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही.

त्यानंतर विकल्प भरायचे, म्हणजे कोणती संस्था आणि कोणता ट्रेड, पसंतीच्या क्रमाने. क्रम घरी कागदावर लिहून मग भरा. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. म्हणून रोज जाऊन-येऊन करता येणार नाही अशी संस्था वर टाकू नका. बसचे वेळापत्रक आधी पाहा.

प्राथमिक गुणवत्ता यादी लागली की गुण, प्रवर्ग, जन्मतारीख तपासा. चूक असल्यास हरकतीच्या मुदतीतच सांगा. जागा मिळाल्यावर दिलेल्या तारखांत मूळ दाखले आणि शुल्क घेऊन संस्थेत हजर व्हायचे. मूळ शाळा सोडल्याचा दाखला तिथे जमा होतो, तेव्हा आधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. नियमित फेऱ्यांत काहीच मिळाले नाही तर शेवटी समुपदेशन फेरी असते. तिथे उरलेल्या जागा समोरासमोर दिल्या जातात आणि निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो, म्हणून पालकांनी सोबत जावे.